ओ देणाऱ्या बाई

आज सकाळी फोननं मला सांगितलं की जळकोटकर बाईंचा वाढदिवस आहे, त्यांना शुभेच्छा द्या. बाई जाऊन वर्ष होऊन गेलं. फोनला ते कुणी कळवलेलं नाही. निळ्या अ‍ॅपवर त्यांच्या खात्यात जाऊन पाहिलं तर शाळा भरायच्या आत तिथं गर्दी झालेली. कुणी केकचं चित्र टाकलंय, कुणी हात जोडलेत. दुबईला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं लिहिलंय, ‘बाई, तब्येतीला जपा, सुट्टीत आलो की पाया पडायला येतो.’ खाली एकालाही उत्तर नाही. मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. बाईंच्या पानावर इतकी माणसं अशी ताटकळत उभी आहेत, हे बाईंनी कधीच चालवून घेतलं नसतं.

नळदुर्गच्या आमच्या शाळेत बाई मराठी शिकवायच्या आणि मी विज्ञान. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांचे केस अर्धे पांढरे झालेले होते. ठेंगणी, गोलसर बाई. कमरेला खोचलेला रुमाल, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि पर्समध्ये भाजलेल्या शेंगा, त्या खाताना टरफलं माझ्या टेबलावर. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ असायची. स्टाफरूमचा उंबरा ओलांडला की ती चप्पल काढल्यासारखी बाहेर राहायची आणि बाई घरच्या बोलीत यायच्या. “काय गं वैशाली, तोंड का पाडून बसलीस? साहेब बोलले का काय?” मी काही नाही म्हटलं तरी त्यांना ते पुरायचं नाही. काहीतरी सांगेपर्यंत त्या समोर उभ्या राहायच्या.

बाईंचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर चाललेलं होतं. कुणी हाक मारली की ओ द्यायची. “दुसरं काय शिकले न्हाई मी,” असं त्या म्हणायच्या आणि ते जवळजवळ खरं होतं. नमस्कार केला की नमस्कार, पत्र आलं की पत्र, मिस्ड कॉल आला की उलटा फोन. कर्ज देऊ करणाऱ्या कंपनीतल्या पोरीचा फोन आला तर आपण कापतो. बाई म्हणायच्या, “नको गं बाळ, मला भागतंय माझं. तू जेवलीस का?” एकदा बसवकल्याणकडच्या कुणाचा तरी चुकून फोन आला. त्याला सलीमभाई पाहिजे होते. बाईंनी आधी आपल्या हिंदीत त्याला गावातल्या तीन सलीमभाईंची माहिती दिली. त्यातला एकही त्याचा नाही असं ठरल्यावर फोन ठेवला. पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत बसल्या बसल्या त्यांना आठवण झाली, आणि त्यांनी स्वतः फोन लावून विचारलं, “वो सलीमभाई मिल गये क्या, बेटा?” तो माणूस इतका घाबरला की त्यानं फोनच बंद केला. आम्ही हसून बेजार झालो. बाई मात्र नाराज होत्या. सलीमभाई सापडले की नाही हे राहिलंच की, असं त्यांचं म्हणणं होतं.

हजेरी घ्यायची त्यांची पद्धत तर शाळेत कुप्रसिद्ध होती. गैरहजर पोराचं नाव घेतल्यावर वर्ग गप्प बसलेला त्यांना चालायचा नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं त्याच्या वतीनं ओ द्यायची. आणि नुसतं ‘गैरहजर’ नाही, कुठं आहे, का आहे, कधी येणार, हे सगळं सांगायचं. आमच्याकडं दिवाळी झाली की बरीच पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. मग रोज तेच चालायचं.

“गणेश.”

“न्हाई बाई, तोडीला गेलाय. कर्नाटकात.”

“कधी येणार?”

“पाडव्याच्या टायमाला, बाई.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा गणेश, पुन्हा कर्नाटक, पुन्हा पाडवा. अर्धा तास हजेरीतच जातो म्हणून मुख्याध्यापकांनी टोकलं, तर बाई त्यांना म्हणाल्या, “साहेब, इथं रोज नाव निघालं तर तिकडं फडात त्याला उचकी लागंल. शाळा हाय आपल्याला, एवढं तरी ध्यानात राहील.” काही पोरं पाडव्याला यायची, काही यायची नाहीत. न येणाऱ्यांचीही नावं बाई परीक्षा होईस्तोवर घ्यायच्या.

हे सगळं मी हसत हसत सांगू शकते, कारण हे मंदारच्या आधीचं आहे.

मंदार बाईंचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कंपनीत होता. यजमान फार पूर्वी गेलेले, तेव्हा बाईंचं जे काही होतं ते तोच. एका दुपारी ऑफिसात डबा खाता खाता त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. चौतिशीही उलटली नव्हती. मागं बायको पल्लवी आणि चार वर्षांची सई. दिवसकार्य नळदुर्गलाच झालं. पल्लवी काही महिने बाईंजवळ राहिली, मग तुळजापूरला माहेरी गेली आणि तिथं एका औषधाच्या दुकानात नोकरीला लागली. जाताना मंदारचा फोन तिनंच बाईंच्या हातात दिला. “आई, तुमच्यापाशी ठेवा. हा वाजला की मला ऐकवत नाही,” म्हणाली.

वाजणारा फोन, आणि तो बाईंच्या हातात. पुढं काय होणार हे मला तरी तेव्हाच सुचायला हवं होतं, पण दुःखाच्या घरात असलं काही सुचत नाही.

त्याचा वाढदिवस संक्रांतीच्या आसपास यायचा. त्या निळ्या अ‍ॅपवर त्याचं खातं तसंच उघडं होतं. सकाळपासून फोन टिणटिण करायला लागला. कुणी परदेशातलं, कुणी कॉलेजातलं, कुणी जुन्या कंपनीतलं. अर्ध्यांना तो गेल्याचं ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यातल्याही काहींनी सवयीनं बोट दाबलं असणार. ‘उदंड आयुष्य लाभो.’ ‘जियो हजारो साल, भावा.’ बाईंनी चष्मा लावला आणि देवपूजा बाजूला ठेवून एकेकाला उत्तर द्यायला बसल्या. ‘धन्यवाद. आपल्या शुभेच्छा पोहोचल्या. घरी सर्वांना नमस्कार.’ आणि हे सगळं जात होतं मंदारच्या नावानं, मंदारच्या हसऱ्या फोटोसकट.

दुपारपर्यंत नुसता गोंधळ. निखिल म्हणून त्याचा पुण्यातला जिवलग मित्र होता, त्यानं खांदा दिलेला. त्यानं सगळ्यांसारखंच ‘मिस यू’ लिहिलं होतं आणि त्याला मंदारकडून नमस्कार आला. त्यानं घाबरून पल्लवीला फोन केला. कुणी म्हणालं खातं हॅक झालंय, पोलिसांत जा. पल्लवीच्या तुळजापूरच्या एका आत्याबाईंनी मंदारच्या नावानं शांतीपूजा करून घ्या म्हणून निरोप पाठवला. संध्याकाळी मी बाईंकडं गेले तेव्हा त्या अजून उत्तरं देत होत्या.

“बाई, हे काय करायलात?”

“का? एवढ्या लोकांनी आठवण काढली. घरातून कुणी ओ द्यायची न्हाई का?”

“पण लोकांना वाटायलंय मंदारनंच दिली.”

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, “वाटू दे की घटकाभर.”

मला राग आला. पण समोर बसलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा थोडं रक्त दिसत होतं. मी चहा पिऊन घरी आले.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण बाईंना तिथं करमायला लागलं. लेकाच्या खात्यात शिरलं की त्याची माणसं भेटायची, त्याचे जुने फोटो, त्यानं कुणाला मारलेले टोमणे. “वैशाली, माझं पोरगं एवढं चावट होतं, मला ठाऊक नव्हतं गं,” असं त्या मला कौतुकानं सांगायच्या. हळूहळू त्या त्याच्या नावानं दसऱ्या-दिवाळीचं लिहायला लागल्या. कुणाच्या पोराचं बारसं झालं की मंदारचा आशीर्वाद. कुणाची बदली झाली की मंदारचं अभिनंदन. लोक आधी बिचकले, मग त्यांनी सोडून दिलं. काहींना ते आवडायलाही लागलं असावं. एकदा निखिलनं घरच्या कसल्याशा कटकटीनं हैराण होऊन खाजगीत लिहिलं, ‘मंद्या, तू असतास तर तुझ्याशी बोललो असतो.’ बाईंनी उत्तर दिलं, ‘आहे रे. बोल.’

ते त्यांनीच मला दाखवलं. या वेळी मी गप्प बसले नाही.

“कोण आहे, बाई? कोण आहे म्हणून सांगितलंत त्याला?”

“त्यानं हाक मारली गं.”

“मंदारला मारली. तुम्हाला नाही.”

“मग काय सांगू? तो न्हाई, त्याची म्हातारी हाय? पोरगं रडकुंडीला आलेलं. म्हातारीशी बोललं असतं का ते?”

निखिल त्यांच्याशी, म्हणजे मंदारशी, पुढं बरेच दिवस बोलत होता. पलीकडं कोण आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. ठाऊक असूनही तो बोलत होता. मला दोघांचंही भय वाटलं.

एक गोष्ट मात्र मी सांगितलीच पाहिजे, नाहीतर बाईंवर अन्याय होईल. पल्लवीनं दुसरं लग्न करावं हे सगळ्यांत आधी बाईच म्हणाल्या. तिचे आईवडील कचरत होते, तर बाई तुळजापूरला जाऊन त्यांना बोलून आल्या. “पोर तिशीची न्हाई अजून. माझ्यासंगं कुढत बसली तर मला पाप लागंल.” लातूरचं स्थळ आलं. त्या मुलाचीही पहिली बायको वारलेली, माणूस शांत, सईला लगेच त्याचा लळा लागला. साखरपुडा झाला. बाई त्या दिवशी तापानं पडून होत्या म्हणून गेल्या नाहीत. पल्लवीनं दुसऱ्या दिवशी फोटो टाकला, ती, तो आणि मधे सई.

त्या फोटोखाली थोड्या वेळानं एक बदाम उमटला. मंदार जळकोटकर यांना हे आवडलं.

लातूरच्या माणसांनी तो बघितला. मुलाच्या आईनं पल्लवीच्या घरी फोन करून विचारलं, हा काय प्रकार आहे, तुमच्यात असलं काही चालत असेल तर आधी सांगायचं. मुलगा समजूतदार होता, पण त्याची आई हटून बसली आणि लग्नाची तारीख ठरायची राहिली.

पल्लवी नळदुर्गला आली. तिनं मलाही बोलावून घेतलं होतं, कदाचित आपण काही जास्त बोलू या भीतीनं. बाई ओट्यापाशी शेंगा निवडत बसल्या होत्या. पल्लवीनं फोन पुढं धरला. “आई, हे तुम्ही केलंत?”

“व्हय. आशीर्वाद दिला. मला लई आनंद झाला गं तुम्हा तिघांना बघून.”

“मग तुमच्या नावानं द्यायचा ना.”

“माझं नाव कुठंय त्याच्यावर? माझं खातंच न्हाई.” मग हळूच म्हणाल्या, “आन त्यालाबी आवडलंच असतं की.”

पल्लवी खाली बसली. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती अगदी सावकाश बोलली. “आई, मी नवीन साडी नेसले तरी मंदारला आवडतं. सईचं गॅदरिंग झालं, मंदारला आवडतं. मी दुकानातल्या बायकांबरोबर फोटो काढला, मंदारला आवडतं. तुम्ही आहात हे मला कळतं. पण नाव त्याचं येतं, फोटो त्याचा येतो. मला रोज वाटतं तो बघायलाय. गेलेलं माणूस एवढं बघत नसतं, आई. सईनं परवा विचारलं, बाबा फोनवर आहेत तर घरी का येत नाहीत. काय सांगू मी तिला?”

बाईंचे हात शेंगांवर तसेच राहिले. मी वाट पाहत होते, पल्लवीही पाहत होती. इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा बाईंना कुणी काही विचारलं आणि त्यांच्याकडून ओ आली नाही. शेवटी पल्लवी त्यांच्या पाया पडली आणि साडेचारच्या गाडीनं परत गेली.

आठवडाभर बाई कुणाचा फोन घेत नव्हत्या. मग एका सकाळी त्यांनीच मला बोलावलं. टेबलावर त्यांचा फोन, मंदारचा फोन आणि मंदारच्या मृत्यूचा दाखला, असं तिन्ही मांडून ठेवलेलं होतं. निखिलनं त्यांना सांगितलं होतं की दाखला पाठवला की कंपनी खातं पुसत नाही, नुसतं नावावर ‘स्मरणार्थ’ असं येतं. फोटो, लिहिलेलं, सगळं राहतं. फक्त मग आत कुणालाच जाता येत नाही.

“म्हणजे दार लागणार,” बाई म्हणाल्या.

“लागणार, बाई.”

“त्याच्या आधी माझ्या नावाचं खातं उघडून दे त्याच्यावर. माझं, सुलभा जळकोटकर.”

मी त्यांच्या फोनवर खातं काढून दिलं. फोटो कुठला लावायचा यावर त्यांनी बराच वेळ घेतला आणि शेवटी शाळेच्या निरोपसमारंभातला लावला. मग त्यांनी विचारलं, आता मंदारशी मैत्री कशी करायची. मी दाखवलं. त्यांनी स्वतःच्या फोनवरून लेकाला विनंती पाठवली. दुसऱ्या हातात धरलेला मंदारचा फोन वाजला. पडद्यावर त्यांचाच चेहरा आणि खाली प्रश्न, स्वीकारायचं का. बाई एकदा या फोनकडं बघायच्या, एकदा त्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण त्यांनी माझा पदर धरून ठेवला होता. त्यांनी मंदारच्या फोनवर ‘स्वीकारा’ दाबलं, आणि “घेतलं गं त्यानं मला,” म्हणाल्या. मग मात्र त्या रडल्या. त्याच्या तेराव्यालाही मी त्यांना इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

डोळे पुसून त्यांनी राहिलेलं काम केलं. पल्लवीच्या फोटोवरचा मंदारचा बदाम काढला आणि आपल्या नावानं दिला. खाली लिहिलं, ‘सुखी राहा. सईची आजी.’ मग दाखल्याचा फोटो मला काढायला लावला. पाठवायचं बटण मात्र त्यांनी दाबलं. काही दिवसांनी मंदारच्या नावावर ‘स्मरणार्थ’ आलं. लातूरला मुलाच्या आईकडं बाई स्वतः जाऊन आल्या. तिथं काय बोलल्या हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण उन्हाळ्यात लग्न झालं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांच्याकडं बघून कुजबुजणाऱ्या प्रत्येकीला त्या मोठ्यानं नमस्कार करत होत्या.

त्यानंतरच्या संक्रांतीला बाई मला नळदुर्गच्या स्टँडवर दिसल्या. सईकडं लातूरला निघाल्या होत्या, पिशवीत तिळगूळ. गाडी यायची होती. त्या बाकावर बसून फोनमध्ये डोकं घालून होत्या. मला बघताच म्हणाल्या, “वैशाली, आज त्याचा वाढदिवस. आता फोन कुणाला सांगत न्हाई बघ. ज्यांच्या ध्यानात हाय तेवढेच आले.” यंदा मोजकीच माणसं होती, निखिल सगळ्यांत वर. आणि त्यात एक कुणी परदेशातला, इतक्या दिवसांतही ज्याला काही कळलेलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, ‘हॅपी बर्थडे मंदार, उदंड आयुष्य लाभो, खूप दिवसांत बोललो नाही.’

“‘स्मरणार्थ’ लिहिलेलं दिसलं नसेल का गं त्याला?”

“घाईत असतात माणसं,” मी म्हटलं.

त्या एका बोटानं लिहायला लागल्या. गाडी आली, माणसं चढली. कंडक्टर म्हणाला, “चला आजी.” त्या म्हणाल्या, “आले बाबा, एवढं पुरं करू दे,” आणि दाराच्या दांडीला एका हातानं धरून, पायरीवर उभ्या राहून त्यांनी उरलेलं लिहिलं. मग आत गेल्या. खिडकीतून मला हात केला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगेत ती गाडी शिरेपर्यंत मी उभी होते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी बाई गेल्या. मी तेव्हा मुलीकडं पुण्याला होते, शेवटचं दर्शन झालं नाही. म्हणून माझ्यासाठी बाई त्या पायरीवरच राहिल्या आहेत.

त्या संक्रांतीला स्टँडवरून घरी जाऊन मी मंदारचं पान उघडलं होतं. त्या परदेशातल्या माणसाच्या शुभेच्छांखाली सुलभा जळकोटकर या नावानं लिहिलेलं होतं, ‘मंदार आता नाही. मी त्याची आई. तुमच्या शुभेच्छा माझ्यापर्यंत पोहोचल्या. तुम्ही कसे आहात?’

त्या माणसाचं उत्तर बाई होत्या तोवर आलं नव्हतं. आज सकाळी पुन्हा जाऊन पाहिलं. अजून आलेलं नाही.